स्टेशन चार स्वतःला काय म्हणतं

समाधान नागरगोजे गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बसला होता. अंगात कंपनीचा निळा शर्ट, पायात सेफ्टी शूज. गळ्यात ओळखपत्र तेवढं नव्हतं. ते कंत्राटदाराच्या माणसानं सोमवारी पहिल्या शिफ्टला आत शिरतानाच काढून घेतलं होतं. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात याला 'गेट बंद' म्हणतात. नोटीस नाही, चौकशी नाही. वॉचमन हात आडवा धरतो आणि विषय संपतो. समाधाननं मात्र ते अजून घरी सांगितलं नव्हतं. रोज डबा घेऊन निघायचा आणि शिफ्ट सुटेपर्यंत इथंच बसायचा.

योगिनी वाळुंजनं स्कूटर लावली तसा तो उठून पुढं आला.

"सॉफ्टवेअरवाल्या मॅडम तुम्हीच का?"

"हो. तुम्ही?"

"समाधान. चार नंबर स्टेशनवरचा. रविराज साहेबांनी सांगितलं तुम्ही येणार म्हणून." तो हात चोळत राहिला. "मॅडम, मी एवढंच सांगायलोय, हिरवा दिवा लागल्याबिगर मी एकबी सीट पुढं ढकलली नाही. दिवा लागला म्हणून ढकलली."

"बघते," योगिनी म्हणाली. त्यापेक्षा जास्त काही बोलायची तिला परवानगी नव्हती.

सकाळी चिंचवडच्या ऑफिसातून निघताना सिद्धेशनं तिला दारातच गाठलं होतं. सिद्धेश त्या छोट्या कंपनीचा मालक. "हे बघ योगिनी, आपलं सॉफ्टवेअर ठीक आहे एवढंच तपासायचं, त्यांच्या मेंटेनन्सवाल्याची सही घ्यायची आणि परत यायचं. ऑपरेटरच्या भानगडीत शिरायचं नाही. तो त्यांचा आणि त्यांच्या कंत्राटदाराचा मामला."

मामला असा होता. या प्लांटमध्ये गाड्यांच्या सीटच्या लोखंडी चौकटी जोडल्या जातात. लाइनवरच्या चौथ्या टप्प्यावर, म्हणजे स्टेशन चारवर, प्रत्येक चौकटीला चार बोल्ट आवळायचे असतात. बोल्ट आवळायची गन वायरनं एका कॉम्प्युटरला जोडलेली असते. प्रत्येक बोल्ट किती घट्ट बसला त्याचा आकडा गन पाठवते, कॉम्प्युटर तो तपासतो, आकडा बरोबर असला की हिरवा दिवा लावतो. चार वेळा हिरवा झाला की चौकट पुढं. हे तपासणारं सॉफ्टवेअर योगिनीच्या कंपनीचं.

गेल्या आठवड्यात गाड्या बनवणाऱ्या कंपनीला काही चौकटींत एकेक बोल्ट ढिला सापडला. नोंदीत मात्र चारही बोल्ट घट्ट. नोंदी उघडल्या तर त्या चौकटींच्या दोन लागोपाठच्या बोल्टांचा आकडा सारखा. पट्ट्यातल्या कोणालाही याचा अर्थ सांगावा लागत नाही. घाईला आलेला ऑपरेटर एक बोल्ट सोडून देतो आणि आवळलेल्याच बोल्टवर पुन्हा गन लावतो. कॉम्प्युटर बिचारा चार मोजतो. याला 'डबल मारणं' म्हणतात. त्या चौकटी पहिल्या शिफ्टच्या निघाल्या. पहिल्या शिफ्टला स्टेशन चारवर समाधान.

गेट बंद केलं त्याच दिवशी कंत्राटदार आबाजी शेठनं कंत्राटदारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर समाधानचा फोटो टाकला. खाली एक ओळ: 'डबल मारतो. घेताना विचार करा.' दोन दिवसांनी समाधान मोशीजवळच्या एका वर्कशॉपात काम विचारायला गेला तर तिथल्या सुपरवायझरनं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग मोबाइलकडं, आणि जागा नाही म्हणाला. बाहेर तर भरतीचा बोर्ड लागलेला. प्रश्न आता या एका नोकरीचा राहिला नव्हता. ती ओळ जोवर खरी धरली जाणार होती तोवर चाकण, तळेगाव, भोसरी, कुठलंच गेट त्याच्यासाठी उघडणार नव्हतं.

सॉफ्टवेअर तपासा असा हट्ट एकाच माणसानं धरला होता. मेंटेनन्सचे प्रमुख रविराज कड. खेडच्या बाजूचे, अंगानं आडवे, आवाजानं त्याहून आडवे. समाधानला स्टेशन चारवर त्यांनीच आणलं होतं, आणि ही सगळी हकिकत योगिनीला फोनवर त्यांनीच सांगितली होती.

"या मॅडम, या!" शॉपफ्लोरच्या गोंगाटातही त्यांचा आवाज तिला लांबून ऐकू आला. "हेल्मेट घाला. आन् हे बघा, आदी एक सांगतो. त्या पोराचा हात मी पाहिल्याला हाय. डबल मारणारा हात न्हाई तो."

"हात बघून कळतं?"

"डबल मारणारा इकडंतिकडं बघतो. ह्यो मान वर करत न्हाई. एकदा मी मागं उभा राहून शिंकलो तरी बघितलं न्हाई त्यानं!"

स्टेशनवर बदली ऑपरेटर होता. त्याला बाजूला करून योगिनीनं नोंदी उघडल्या. सारखे आकडे तिलाही लगेच दिसले, पण ती त्यांच्याकडं बघतच राहिली. ते जरा जास्तच सारखे होते. आवळलेल्या बोल्टवर पुन्हा गन लावली तर आकडा जवळपास तोच येतो, जवळपास. शेवटच्या स्थानावर कुठंतरी हलतोच. इथं मात्र शेवटच्या दशांशापर्यंत हुबेहूब तोच आकडा. एका चौकटीत नाही, सगळ्या संशयित चौकटींत.

"दुसऱ्या शिफ्टच्या नोंदी कोणी पाहिल्या?"

रविराज हसले. हसण्यात मजा नव्हती. "दुसऱ्या शिफ्टला परमनंट माणूस हाय. युनियनचा. तिकडचं कुणी उघडलंच न्हाई."

योगिनीनं उघडलं. दुसऱ्या शिफ्टलाही तेच. तिसऱ्या बोल्टचा आकडा हुबेहूब चौथ्याला, कधी पहिल्याचा दुसऱ्याला. रोज दोनचार चौकटी.

रविराजनी खांबावर थाप मारली. "म्हनलं व्हतं का न्हाई! म्हनलं व्हतं मी!" त्यांनी तिथल्या तिथं खिशातून फोन काढला. "त्याला आत बोलावतो. म्हनावं, बाहेर बसून डबा खाऊ नको."

"थांबा," योगिनी म्हणाली. "आत्ता सांगितलंत तर लोक म्हणतील दोघंही डबल मारतात. कारण सापडू दे."

ती मागं मागं जात राहिली. सप्टेंबरात सारखे आकडे नव्हते. ऑक्टोबरात नव्हते. दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी पहिली जोडी दिसली आणि तिथून पुढं थांबलीच नाही.

"या गुरुवारी काय झालं होतं स्टेशनवर?"

"गुरुवारी..." रविराजनी आठवून पाहिलं. "बुधवारी जुना पीसी जळाला. रात्रीत नवा आनून बसवला. आन् तुमची ती स्क्रिप्ट चालवली मीच. व्यवस्थित चालली, एक लाल अक्षर आलं न्हाई."

ती स्क्रिप्ट सांभाळायचं काम योगिनीकडंच असायचं. प्लांटच्या लाइनवरच्या कॉम्प्युटरना इंटरनेट नसतं, बाहेरचा पेनड्राइव्ह चालत नाही, म्हणून योगिनीच्या कंपनीनं सॉफ्टवेअर तिथल्या तिथं जोडून घ्यायची सोय करून दिली होती. स्क्रिप्ट म्हणजे क्रमानं करायच्या कामांची यादी. कॉम्प्युटर ती वरून खाली वाचतो आणि तसं करतो. या स्क्रिप्टचं पहिलं काम एक प्रश्न विचारणं: तू कोणती सिस्टिम, कितवी आवृत्ती? कारण गन आणि सॉफ्टवेअर यांच्यामध्ये निरोप्याचं काम करणारी एक लायब्ररी असते. ती लिनक्सच्या अठरा सालच्या आवृत्तीसाठी वेगळी आणि चोवीसच्या आवृत्तीसाठी वेगळी. सॉफ्टवेअरच्या पेटीत, म्हणजे पॅकेजमध्ये, दोन्ही ठेवलेल्या. उत्तर येईल त्याप्रमाणं स्क्रिप्ट एक उचलते.

चुकीची उचलली तर काय होतं हे योगिनीला चांगलं माहीत होतं, चिंचवडच्या टेस्टिंगच्या खोलीत तिनं ते पाहिलं होतं. वरवर सगळं चालतं. पण बोल्ट नीट न बसता गन मध्येच थांबली, आकडा आलाच नाही, की जुनी लायब्ररी नव्या सिस्टिमवर गोंधळते आणि हातात राहिलेला मागचाच आकडा पुन्हा पुढं करते. लाल दिवा लागायचा तिथं हिरवा लागतो.

तिनं फक्त तो पहिला प्रश्न चालवून पाहिला. उत्तर आलं: अठरा.

म्हणजे स्क्रिप्टनं अठराची लायब्ररी उचलली ती बरोबरच. सॉफ्टवेअर ठीक. सिद्धेशला हवा होता तो कागद एवढ्यावर तयार होत होता. रविराजनी तर पेनही काढलं होतं.

पण दिवाळीनंतर विकत आणलेल्या नव्या पीसीवर अठरा सालची सिस्टिम कोणी टाकून दिली?

तिनं कॉम्प्युटरला दुसरा प्रश्न विचारला, जो स्क्रिप्ट विचारत नव्हती. सिस्टिमचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो कोणता? उत्तर आलं, सहाच्या पुढचा. अठराचा गाभा चार नाहीतर पाच असतो. सहा नसतो.

"रविराज साहेब, सिस्टिमचं नाव आणि आवृत्ती एका साध्या फाइलीत लिहिलेली असते. पासवर्ड असलेला माणूस ती बदलू शकतो. ही बदललेली आहे. चोवीसच्या जागी अठरा."

रविराजनी बदली ऑपरेटरला चहा आणायला पाठवलं आणि तो दूर जाईपर्यंत त्याच्या पाठीकडं बघत राहिले.

"मी बदलली," ते म्हणाले.

"का?"

"ऑडिट व्हतं पुढच्या आठवड्यात, म्हनून स्क्रिप्ट चालवायच्या आदीच बदलली. कस्टमरनं मंजूर केलेल्या कागदावर अठरा लिहिल्याला. चोवीस दिसलं असतं तर परत अर्ज, परत ट्रायल, परत मंजुरी, चार महिनं. तोवर स्टेशन बंद ठेवायचं? ऑडिटर काय करतो, बटन दाबतो, स्क्रीनवर नाव बघतो, टिक मारतो, जेवायला जातो." आवाज नेहमीसारखा राहिला नव्हता. "समदा पट्टा हेच करतो मॅडम. नवीन वस्तूला जुनं नाव. आमी काय चोऱ्या केल्या न्हाईत."

"ऑडिटरसाठी जे लिहिलंत तेच स्क्रिप्टनं वाचलं."

त्यांना ते लगेच उमगलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, सावकाश. स्क्रिप्टनं विचारलं कोण, फाइलीनं सांगितलं अठरा, स्क्रिप्टनं अठराची लायब्ररी उचलली.

"म्हंजे चोवीस ऱ्हाऊ दिलं असतं तर?"

"तर चोवीसची उचलली असती. पेटीत होती. काहीच झालं नसतं."

रविराज शेजारच्या पालथ्या क्रेटवर बसले. हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. म्हणाले, "म्हंजे समाधानचं गेट मी बंद केलं."

नेमका तेव्हाच त्यांचा फोन वाजला. समाधानच होता. शेजारी उभ्या योगिनीला त्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. "साहेब, मॅडमनी काही बघितलं का?"

"बघायल्यात," रविराज त्याच्याच बोलीत म्हणाले. बहुधा नेहमीची थट्टा असावी ती. "बस तू. चहा घे."

फोन ठेवून ते एकदम उभे राहिले, आणि पुढचं जे बोलले ते घाईघाईनं बोलले.

"मॅडम, आपण असं करू. तुमी आत्ता बरोबरची लायब्ररी टाका. पाच मिन्टाचं काम. तुमचं सॉफ्टवेअर ठीक, मी सही करतो. समाधानला मी घेतो परत. महिन्याभरानं, सहा नंबर लाइनला. माझा शब्द हाय. कोन विचारतंय मला?"

"आणि ग्रुपवरचं?"

"लोक विसरत्यात."

"मोशीचा सुपरवायझर विसरला नव्हता." तिनं आवाज खाली आणला. "म्हणजे डबल त्यानंच मारलं, हे तसंच राहणार. आणि दुसऱ्या शिफ्टच्या चौकटी? परत बोलावल्या त्या फक्त पहिल्या शिफ्टच्या. बाकीच्या कुठं आहेत?"

"गाड्यांना लागल्या असतील," रविराज म्हणाले आणि तिच्याकडं बघायचं टाळलं. "मी अप्रेंटिस म्हनून आलो तवा ही शेड उभी ऱ्हायची व्हती, मॅडम. ह्यो खांब माझ्यासमोर उभा केलाय."

योगिनी बाहेर, पत्र्याच्या सावलीत गेली आणि सिद्धेशला फोन लावून सगळं सांगितलं. ऐकून घेऊन तो म्हणाला, "फाइल त्यांनी बदलली. आपला संबंध नाही. लायब्ररी टाक, सही घे, ये."

"आणि ऑपरेटर?"

"योगिनी, जरा विचार कर. हे पेंडसेंपर्यंत गेलं ना, तर ते पहिला प्रश्न कोणाला विचारतील? आपल्याला. तुमची स्क्रिप्ट एका टेक्स्ट फाइलीत लिहिलं तेच खरं मानते? हीच स्क्रिप्ट अजून चार प्लांटमध्ये आहे. काय उत्तर देऊ मी?"

हा प्रश्न चुकीचा नव्हता, हीच अडचण होती. दुसरा प्रश्न घालायला दोन ओळी पुरल्या असत्या. त्या घालाव्यात असं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, तिच्याही नाही. कॉम्प्युटर आपलं नाव खोटं कशाला सांगेल?

पेंडसे म्हणजे प्लांटचे प्रमुख. त्यांच्या केबिनची काच तिला तिथून दिसत होती. पण थेट तिकडं जायची सोय नव्हती. व्हेंडरची माणसं मेंटेनन्सच्या दारातून आत येतात आणि मेंटेनन्सची सही घेऊन त्याच दारातून बाहेर पडतात. तिचा अहवाल आधी रविराजकडं जाणार, मग सिद्धेशकडं, आणि दोघांनाही तो नको होता. तिच्या हातात तिची स्क्रिप्ट तेवढी होती.

जेवणाच्या सुट्टीची शिटी झाली. लाइन थांबली, माणसं कँटीनकडं निघाली. योगिनी स्टेशन चारवर परतली, कीबोर्ड पुढं ओढला आणि पहिल्या प्रश्नाच्या खाली दुसरा लिहिला. नाव अठरा सांगत असेल आणि गाभा सहा सांगत असेल, तर थांब. पडद्यावर काय दिसावं तेही लिहिलं. ऑपरेटरचा पडदा मराठीत असतो, म्हणून मराठीत लिहिलं.

रविराज जेवायला गेले नव्हते. ते मागं येऊन उभे राहिले. "हे काय करताय?"

"दुसरा प्रश्न घालतेय. जुनं सॉफ्टवेअर पुसून स्क्रिप्ट नवं जोडायला घेते, हे तुम्हाला माहीत आहे. या वेळी ती मध्येच थांबेल. स्टेशन चालू होणार नाही."

"लाइन थांबंल."

"हो."

"आन् मग पेंडसे खाली येनार."

"हो. सुट्टी संपेपर्यंत मी बटण दाबत नाही. तोवर तुम्ही वर जाऊन सांगितलंत तर थांबवायची गरजच पडणार नाही."

ते म्हणाले, "तुमच्या साहेबांना चालतंय हे?"

"नाही."

"नोकरी जाईल तुमची."

"जाईल कदाचित." मोशीचा फ्लॅट, त्याचे हप्ते, घरी काय सांगायचं, हे सगळं तिच्या डोक्यात येऊन गेलं. पण बोटं कीबोर्डवरून उचलली नाहीत.

रविराज जिन्याच्या दिशेनं निघाले. अर्ध्या वाटेवर थांबले. एका मशीनचं झाकण उघडून आत पाहिलं, पुन्हा लावलं. जिना काही चढले नाहीत. शिटी झाली, माणसं परतली, आणि ते तिथंच, मशीनवर हात ठेवून उभे होते.

योगिनीनं बटण दाबलं.

जुनं पुसलं गेलं. स्क्रिप्टनं पहिला प्रश्न विचारला, मग दुसरा. पडदा लाल झाला: 'सिस्टिमचे नाव आणि गाभा जुळत नाहीत. काम थांबवले आहे.' स्टेशनच्या डोक्यावरचा लाल दिवा फिरू लागला. मागून येणारी चौकट अडली, तिच्यामागची अडली, आणि थोड्याच वेळात सबंध लाइन गप्प झाली. इतक्या मोठ्या शेडमध्ये एकदम पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला.

पेंडसे खाली आले. बारीक चणीचे, घाई न करणारे गृहस्थ. त्यांनी पडद्यावरची ओळ वाचली.

"लाइन कोणी थांबवली?"

"मी," योगिनी म्हणाली.

"आपण?"

"सॉफ्टवेअर कंपनीकडून आलेय. सर, या कॉम्प्युटरचं..."

"थांबा मॅडम," रविराज म्हणाले. ते कधी जवळ आले तिला कळलं नव्हतं. "मी सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. जळालेला पीसी, ऑडिट, अठरा, चोवीस. भोवती लाइनवरची माणसं जमा होत होती. पेंडसेंनी दोनदा "वर बोलू, केबिनमध्ये" म्हणून पाहिलं. रविराज थांबले नाहीत. उलट आवाज चढला, सकाळसारखा.

"समाधाननं डबल मारलं न्हाई. दुसऱ्या शिफ्टच्या मान्सानंबी न्हाई. दिवा खोटा लागत व्हता, आन् तो माझ्यामुळं."

पेंडसेंनी चष्मा काढून पुसला. मग योगिनीकडं वळून विचारलं, "म्हणजे तुमची स्क्रिप्ट फाइलीत लिहिलं तेच खरं धरते?"

"आज दुपारपर्यंत धरत होती. तो आमचा दोष आहे, सर."

"तसं लेखी द्या. तुमच्या मालकांच्या सहीनं," पेंडसे म्हणाले आणि सहायकाला दुसऱ्या शिफ्टचा सगळा माल परत बोलवायला सांगितलं. रविराजना चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही असं सांगितलं ते मात्र हळू आवाजात. रविराजनी आपणहून ओळखपत्र काढून त्यांच्या हातात दिलं. ते परमनंट होते, त्यांची चौकशी तरी होणार होती.

योगिनी बाहेर आली तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. समाधानला आतली बातमी आधीच कळली होती. लाइनवरून कोणीतरी फोन केला असणार. तो फोन हातात धरून उभा होता.

"सोमवारपासून या म्हणालेत," तो म्हणाला. मग स्क्रीन तिच्यापुढं धरली. ग्रुपवर आबाजी शेठनं लिहिलं होतं, ते कोणीतरी त्याला पाठवलं होतं: 'नागरगोजेचं मिटलं. घ्यायला हरकत नाही.'

"'मिटलं' म्हंजे काय मॅडम? मी काही केलं नव्हतं असं कुठं लिव्हलंय? सोडून दिलं असंच वाटायलंय वाचणाऱ्याला."

योगिनीनं ती ओळ पुन्हा वाचली. त्याचं बरोबर होतं.

गेटमधून रविराज बाहेर आले. वॉचमन सवयीनं उठून उभा राहिला. रविराज टपरीपाशी आले, समाधानच्या हातातला फोन घेऊन त्यांनीही ती ओळ वाचली, आणि काही न बोलता स्वतःचा फोन काढला. त्या ग्रुपात तेही होते. पट्ट्यातल्या प्रत्येक प्लांटचा मेंटेनन्सवाला असतो, आणि कुणाला कुठं कामाला चिकटवायचं ते तिथंच ठरतं.

त्यांचा अंगठा रेकॉर्डिंगच्या बटणावर गेलेला पाहून समाधान पुढं झाला. "साहेब, नका. आत सांगितलंत तेवढं बास झालं. ह्ये समद्या पट्ट्यात जाईल. तुमाला पुन्हा कोण घेणार?"

"बाजूला हो."

"साहेब, ऐका माझं. माझं चालतंय. 'मिटलं' तर 'मिटलं'."

"चालतंय का?" रविराजनी त्याच्याकडं रोखून पाहिलं. "खरं सांग."

समाधाननं मान खाली घातली.

रविराजनी बटण दाबून धरलं. "मी रविराज कड बोलतोय. समाधान नागरगोजेनं डबल मारलं न्हाई. कधीच न्हाई. मशीनचं नाव ऑडिटसाठी मी बदललं व्हतं, त्यानं दिवा खोटा लागायला लागला. चूक माझी. पोराचा फोटो ग्रुपवरनं काढा." त्यांनी अंगठा उचलला. निरोप गेला.

पाठोपाठ फोन वाजायला लागला. स्क्रीनवर आबाजी शेठचं नाव होतं. त्यांनी तो न घेता खिशात टाकला, मोटारसायकलला किक मारली आणि नाशिक रस्त्याच्या दिशेनं निघून गेले.

योगिनीच्या फोनवरही सिद्धेशचे निरोप येऊन पडले होते. शेवटचा होता, 'पेंडसेंचा फोन आला होता. उद्या ऑफिसला ये, बोलू. तोवर बाकीच्या प्लांटना काही पाठवू नकोस.'

समाधान अजून रस्त्याकडं बघत होता.

"सोमवारी येणार ना?" तिनं विचारलं.

"यावंच लागंल की," तो म्हणाला. मग, तिला उद्देशून नव्हे, म्हणाला, "त्यांनीच लावलं होतं मला चार नंबरला."